वाचकांचे प्रश्न : एक्केचाळिसावा जोड गेला कुठं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण त्यात जे अडकलंय ते वेबचं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं कधी ना कधी अडकतंच.

प्रश्न : दादा नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीत कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतल्या एका दुकानाची साईट करून दिली, साध्या पीएचपीत (वेबची प्रोग्रॅमिंग भाषा), फ्रेमवर्क म्हणजे आयता सांगाडा वगैरे काही नाही. मालाची यादी एका जेसन फाईलीत (साध्या मजकुरातली माहितीची फाईल) आहे, ती ॲरेत, म्हणजे कोडमधल्या यादीत, घेतो आणि एका पानावर १० जोड दाखवतो. सहा महिने काही तक्रार नव्हती. मग मालकांनी कापशीचा (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) एक नवीन जोड टाकला आणि तो साईटवर कुठंच दिसंना, पण हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही. ज्या काकांनी तो जोड केला होता ते दुकानात येऊन विचारायचे, माझ्या जोडाला कुणाचा फोन आला का, आणि मालक म्हणायचे अजून नाही. तीन आठवड्यांनी कळलं की तो दिसतच नव्हता. लई वाईट वाटलं. ती चूक काढली तर दुसरी निघाली, वर पत्त्यात पान शून्य टाकलं की भलताच माल येतो. कॉलेजचे सर म्हणतात युनिट टेस्ट लिही, म्हणजे कोडचा एक छोटा भाग तपासणारा कोड. कंपोजरनं (पीएचपीची टूल्स आणून देणारा प्रोग्रॅम) पीएचपीयुनिट हे टेस्टचं टूल टाकून घेतलं पण पुढं काय करायचं ते कळंना. दहा-दहाचे तुकडे करायचे एवढंच तर आहे, त्यात टेस्ट करण्यासारखं काय असतं? कोड सोबत जोडलाय.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भावा, काकांचं ते वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा वेळ तसाच बसलो. तीन आठवडे एक माणूस समजत होता की आपल्या हातच्या कामाला गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईकाला ते काम दिसलंच नव्हतं. पेजिनेशनच्या, म्हणजे यादीची पानं पाडण्याच्या, चुका अशाच असतात बघ, साईट बंद पडत नाही, लाल अक्षरात एरर येत नाही, पान व्यवस्थित उघडतं आणि एखादी वस्तू गुपचूप गायब असते. जी चूक स्वतःहून ओरडत नाही तिच्यासाठीच टेस्ट लिहायची, म्हणून तुझ्या सरांचं बरोबर आहे. आता इस्कटून सांगतो.

तुझा कोड बघितला. एकूण पानं काढायला तू इंटडिव्ह वापरलंयस, म्हणजे भागाकार करून बाकी टाकून द्यायची. ४० जोड भागिले १०, उत्तर ४, बरोबर. ४१ भागिले १०, उत्तर परत ४, आणि उरलेला एक जोड पाचव्या पानावर, जे पान तुझ्या कोडच्या मते अस्तित्वातच नाही. दिवाळीपासून दुकानात नेमके ४०च जोड होते म्हणून सहा महिने तुझा हिशेब बरोबर दिसला.

हे उत्तर लिहायच्या आधी मी एका ओळखीच्या चपलांच्या दुकानात जाऊन बसलो होतो. पोरगा फळीवर जोड लावत होता, एका फळीवर दहा. चार फळ्या भरल्या आणि हातात एक पुकारी (हाही चपलेचाच प्रकार) उरली, तर त्यानं क्षणभरही विचार न करता पाचव्या फळीवर ती एकटी ठेवली, टोक बाहेर, टाच भिंतीला. आपल्याला कोडमध्ये एवढंच करायचं असतं, एक जोड उरला तरी त्याला फळी द्यायची. पीएचपीत त्यासाठी सील आहे, ते वरच्या पूर्णांकाला नेतं. तू दुरुस्ती करताना तेच लावलंस, छान. फक्त सील जे देतं ते फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, असतं, ५ येत नाही, ५.० येतं, त्यामुळं ते इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, बदलून घे. टेस्टमध्ये असर्ट इक्वल्स (दोन किमती सारख्या आहेत का बघणारी पीएचपीयुनिटची मेथड) लावलंस तर ५ आणि ५.० एकच धरलं जातं आणि तुला पत्ताही लागत नाही. असर्ट सेम लाव, ते प्रकारसुद्धा बघतं आणि तिथंच अडवतं. पेजिनेशनच्या टेस्टला मी तरी सगळीकडं असर्ट सेमच वापरतो.

पण टेस्ट लिहायच्या आधी एक काम आहे. तुझ्या एकाच फाईलीत पत्त्यातून पान नंबर वाचणं, फाईल उघडणं, तुकडा काढणं आणि एचटीएमएल छापणं असं सगळं एकात एक मिसळलंय, त्याला टेस्ट लावायची म्हटलं तर कुठून धरायचं हेच कळत नाही. तुला पुढं काय करायचं ते सुचंना त्याचं खरं कारण हे. त्यातनं फक्त तुकडा काढायचं काम बाहेर काढ. एक फंक्शन, त्यात तीन गोष्टी आत जाणार, यादी, कितवं पान, एका पानावर किती, आणि दोन बाहेर येणार, त्या पानाचा माल आणि एकूण पानं. त्याला फाईल माहीत नको, ब्राउझर माहीत नको. असं वेगळं केलं की टेस्टमध्ये चपलांची गरजच नाही, नुसते १ ते ४१ आकडे यादी म्हणून दिले तरी चालतं, उलट तेच बरं, कारण पाचव्या पानावर काय यावं हे विचार न करता सांगता येतं, एकटा ४१.

आता कुठले आकडे घ्यायचे. २५ घेऊन तीन पानं आली, झालं, असं करू नको. चुका सांध्यावर बसतात, जिथं एक पान संपून दुसरं सुरू होतं तिथं. १०चं पान असेल तर ०, १, ९, १०, ११ आणि तुझ्यासाठी खास ४० आणि ४१. ९ला एक पान, १०ला एकच, ११ला दोन. ही उत्तरं कागदावर बोटानं मोजून काढ आणि आकडा म्हणून टेस्टमध्ये लिही. हे मी जोर देऊन सांगतोय कारण ही चूक मी अनुभवी लोकांच्या कोडमध्येही बघितलीय, टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर काढायला परत तेच सूत्र लिहितात, एकूण भागिले पानावरचे, मग कोडमध्ये इंटडिव्ह आणि टेस्टमध्येही इंटडिव्ह, दोन्हीकडं ४, टेस्ट हिरवी, म्हणजे पास, आणि काकांचा जोड अजून गायबच.

एवढ्या आकड्यांसाठी सात टेस्ट लिहीत बसू नको, डेटा प्रोव्हायडर वापर. एक मेथड सगळ्या ओळी देते आणि एकच टेस्ट प्रत्येक ओळीवर चालते. ती मेथड पब्लिक आणि स्टॅटिक ठेव, पीएचपीयुनिटच्या दहाव्या आवृत्तीत तशी नसली तर इशारा येतो आणि अकराव्यापासून तशीच लागते, आणि टेस्टच्या डोक्यावर डेटा प्रोव्हायडरचं ॲट्रिब्यूट लाव. प्रत्येक ओळीला नाव देता येतं ते दे, आणि मराठीत दे, पीएचपीला त्याचं काही वावडं नाही. टेस्ट पडली की टर्मिनलवर "चार फळ्या भरून एक जोड उरला" असं दिसतं, तेव्हा सहा महिन्यांनी सुद्धा कुठं दुखतंय ते लगेच कळतं.

शून्याच्या ओळीवर थोडं थांब. यादी रिकामी असेल तर एकूण पानं किती, ० की १? सील ० देतं. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचा पेजिनेटर शेवटचं पान किमान १ धरतो. दोन्ही चालतं, पण तुझ्या साईटवर "एकूण ० पानांपैकी पान १" असं छापून आलं तर वाचणाऱ्याला विचित्र वाटणार, म्हणून काय ते आत्ता ठरव आणि टेस्टमध्ये नोंदवून ठेव. तुझ्यानंतर कुणी कोड हातात घेतला तर त्याला ते तिथंच वाचायला मिळेल.

मग पान शून्य. तुझ्याकडं भलताच माल येतो त्याचं कारण बघ. सुरुवात कुठून करायची हे तू पान वजा एक गुणिले दहा असं काढतोस, पान १ला ०, पान २ला १०. पान ०ला किती? उणे १०. आणि पीएचपीच्या ॲरे स्लाइसला (ॲरेतला तुकडा काढून देणारं फंक्शन) उणे आकडा दिला की ते चिडत नाही, शेवटाकडून मोजायला लागतं. म्हणजे पान ० मागितलं की शेवटचे दहा जोड, ३२ ते ४१, नीट मांडून येतात. पान उणे १ मागितलं की २२ ते ३१. आणि पत्त्यात कुणी आकड्याच्या जागी अक्षरं टाकली, तर इंटमध्ये बदलल्यावर त्यांचा ० होतो, म्हणजे परत तेच. कुठंही एरर नाही.

यात अजून एक मेख आहे जी टेस्ट लिहिणाऱ्यालाच फसवते. समज तू टेस्टसाठी सातच वस्तूंची छोटी यादी घेतलीस आणि पान ० मागितलंस. उणे १० म्हणजे शेवटाकडून दहा मागं, पण वस्तूच सात, मग ॲरे स्लाइस गुपचूप सुरुवातीपासून धरतं आणि सगळ्या सात वस्तू देतं, हुबेहूब पान १सारख्या. तुला वाटणार पान ० आलं तर आपला कोड पहिलं पान दाखवतो, काय मस्त. टेस्ट हिरवी. ४१ जोडांवर तोच कोड शेवटचे दहा देणार. म्हणून अशा टेस्टला यादी नेहमी दोन-तीन पानांपेक्षा मोठी घे.

उपाय म्हणून मी असं करीन की फंक्शनमध्ये पान १पेक्षा कमी आलं तर सरळ एक्सेप्शन (काम थांबवणारी एरर) फेकायचं आणि टेस्टमध्ये एक्स्पेक्ट एक्सेप्शन लावून ते खरंच फेकतंय का बघायचं. गिऱ्हाईकाला मात्र एरर दाखवायची नाही, पत्त्यातून आकडा वाचणारा जो बाहेरचा भाग आहे त्यानं फिल्टर व्हार लावून आकडा तपासावा आणि नसेल धड तर १ धरावा.

दुसऱ्या टोकाला पान ६ मागितलं तर ॲरे स्लाइस रिकामा ॲरे देतं, तेही न बोलता. ते ठीक आहे, फक्त तुला काय हवंय ते ठरव, रिकामं पान, शेवटचं पान की चारशे चार (पान सापडलं नाही), आणि एक टेस्ट टाक. एका पानावर किती हे जर पत्त्यातून घेत असशील तर तिथंही ० आणि उणे आकडा तपास, ० आला तर पीएचपी ८मध्ये भागाकारालाच डिव्हिजन बाय झीरो एरर येते, आणि उणे ५ आला तर पहिल्या पानावर शेवटचे पाच सोडून ३६ जोड एकदम येतात. वरची मर्यादा पण घाल, कुणी एक लाख मागितले तर द्यायचे नाहीत.

आता कीज, म्हणजे ॲरेतल्या वस्तूंचे नंबर. हा प्रकार लई लोकांना छळतो. ॲरे स्लाइसला चौथं काहीतरी देता येतं, प्रिझर्व्ह कीज, ते ट्रू केलं की मूळचे नंबर तसेच राहतात. पहिल्या पानाचे ० ते ९, दुसऱ्याचे १० ते १९. पीएचपीत फॉर ईच मारलंस तर काही फरक दिसत नाही. पण उद्या हेच जेसन करून ब्राउझरकडं पाठवलंस तर जेसन एन्कोड बघतं की नंबर ०पासून ओळीनं आहेत का, असतील तर यादी, नसतील तर ऑब्जेक्ट. म्हणजे पहिलं पान यादी म्हणून जातं आणि दुसरं ऑब्जेक्ट म्हणून, आणि जावास्क्रिप्टमध्ये तू मॅप (फक्त यादीवर चालणारं) लावून बसलायस, ते पहिल्या पानाला चालतं आणि दुसऱ्या पानावर कोरा पडदा. डेव्हलपर बहुतेक वेळा पहिलंच पान बघतो, त्यामुळं हे गिऱ्हाईकाला आधी कळतं. नुसता असर्ट काउंट लावलास तर हे सापडणार नाही, दहाचे दहाच असतात. पूर्ण ॲरे असर्ट सेमनं ताड, किंवा पीएचपी ८.१पासून ॲरे इज लिस्ट आलंय ते लाव, आणि ते दुसऱ्या पानावर लाव. ॲरे फिल्टरपण कीज तशाच ठेवतं हे लक्षात असू दे. फक्त कुरुंदवाडी चपला दाखवा असं बटण देणार असशील तर आधी गाळायचं आणि मग तुकडा काढायचा. उलट केलंस तर एका पानावर तीन जोड, दुसऱ्यावर सात, तिसऱ्यावर काहीच नाही असं येतं, त्याचीही एक टेस्ट होऊन जाऊ दे.

आणि सगळ्यात शेवटी ती टेस्ट, जी एकटी असती तरी तुझा ४१वा जोड सापडला असता. सगळी पानं एकामागं एक मागव, एकत्र कर, आणि मूळ यादीशी ताड. एकही हरवता कामा नये, एकही दोनदा येता कामा नये, क्रम बदलता कामा नये. हे एकाच आकड्यावर करू नको, दोन लूप लाव, यादी ० ते ५० आणि पानावरचे १ ते १२, सहाशेच्या वर जोड्या होतात आणि तरी सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतं. किती पानं मागवायची ते तुझ्या फंक्शननं सांगितलेल्या एकूण पानांवरूनच घे, म्हणजे तो आकडाही तपासला जातो. एक सांभाळ, आकड्यांची यादी बनवायला रेंज वापरशील तर शून्याला फसशील, १ ते ० अशी रेंज मागितली की पीएचपी रिकामा ॲरे देत नाही, उलटं मोजून १ आणि ० अशा दोन वस्तू देतं. शून्यासाठी रिकामा ॲरे हातानं लिही.

सगळं हिरवं झालं की कोडमध्ये मुद्दाम सीलच्या जागी फ्लोअर टाक आणि टेस्ट चालव. लाल झाली पाहिजे. मग वजा एक काढून टाक, परत लाल झाली पाहिजे. नाही झाली तर ती टेस्ट नुसती शोभेची आहे. हे हातानं करायचा कंटाळा आला तर पीएचपीसाठी इन्फेक्शन नावाचं टूल आहे, ते स्वतःच कोड असा मोडून बघतं आणि कुठली मोडतोड टेस्टला कळली नाही त्याची यादी देतं.

काकांना भेटलास तर सांग त्यांना, जोड दिसतच नव्हता म्हणून. मालकांनी सांगितलं असेल तरी तू सांग.

प्रश्न : शाहूपुरीत एका अडत दुकानात कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो. गुळाच्या सौद्याची नोंद मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये असते, दराप्रमाणं लावून एका पानावर २५ ओळी दाखवतो, लिमिट (किती ओळी) आणि ऑफसेट (सुरुवातीच्या किती सोडून) वापरून. बऱ्याच रव्यांचा (गुळाच्या ढेपांचा) दर एकसारखा असतो. होतं काय की एखादी ओळ पहिल्या पानावरही दिसते आणि दुसऱ्यावरही, आणि एखादी कुठंच दिसत नाही. एकूण मात्र बरोबर येतं. शेतकरी काउंटरवर उभा असतो आणि त्याचीच ओळ सापडत नाही.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : साहेब, तुमचं पान कापायचं गणित ठीक आहे, गडबड क्रमात आहे. तुम्ही डेटाबेसला सांगितलं दराप्रमाणं लाव, पण दर सारखा असेल तर कोण आधी हे सांगितलं नाही, मग तो त्याच्या सोयीनं लावतो, आणि पहिल्या पानाला एक सोय आणि दुसऱ्या पानाला दुसरी असं होऊ शकतं. प्रत्येक पानाची क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) वेगळी असते, त्याला मागच्या वेळचं काही आठवत नसतं. ऑर्डर बायमध्ये दराच्या पुढं नोंदीचा आयडी जोडा, बास, दर सारखा असला तरी क्रम पक्का होतो.

कुणी सगळ्या ओळी ॲरेत घेऊन पीएचपीतच यूसॉर्टनं क्रम लावत असेल तर त्यांनाही हेच. पीएचपी ८.०पासून, म्हणजे २०२०च्या शेवटापासून, सॉर्टिंग स्थिर झालं, सारख्या वस्तू मूळ क्रमातच राहतात. त्याच्या आधीच्या सातच्या आवृत्त्यांत सोळापेक्षा छोट्या ॲरेला ते आपोआप स्थिर असायचं आणि मोठ्याला नसायचं, त्यामुळं पाच वस्तू घेऊन केलेली टेस्ट पास व्हायची आणि खऱ्या यादीवर घोळ. बऱ्याच ठिकाणी अजून जुनी आवृत्ती चालू आहे, तुमची कुठली आहे बघून घ्या.

टेस्ट करायची तर ६० ओळी घ्या, सगळ्यांचा दर एकच ठेवा, तीनही पानं मागवा आणि आयडी गोळा करून बघा, साठच्या साठ वेगळे पाहिजेत. खरं सांगायचं तर डेटाबेसच्या बाबतीत ही टेस्ट चुकीच्या कोडवरही कधीकधी पास होते, कारण तो दर वेळी क्रम बदलेलच असं नाही. म्हणून तिथं टेस्टपेक्षा आयडी जोडणं महत्त्वाचं.

अजून एक गोष्ट तुमच्या कामाला लागू आहे. सौदा चालू असताना नवीन ओळी येत राहतात. शेतकरी पहिलं पान बघत असताना वरच्या दराची एक ओळ आली की सगळ्या एकानं खाली सरकतात, आणि पहिल्या पानावरची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर परत दिसते. ते ऑफसेटनं सुटत नाही. तिथं "शेवटी दिसलेल्या दर आणि आयडीच्या पुढच्या २५ ओळी द्या" अशी क्वेरी लावा. पान नंबर ७वर थेट उडी मारता येत नाही एवढं नुकसान होतं, पण काउंटरवर उभ्या माणसाला पान नंबर नको असतो, त्याला त्याची ओळ हवी असते, आणि त्यासाठी नावानं शोधायची सोय आधी द्या असं मी म्हणेन.

प्रश्न : आम्ही लाराव्हेल वापरतो. पेजिनेशन तर फ्रेमवर्कच करतं, मग त्याची टेस्ट लिहावी का? टीममध्ये दोन गट पडलेत.
— एक वाचक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : फ्रेमवर्कच्या आतल्या गणिताची लिहू नका, ते त्यांनी लिहिलंय. तुम्ही त्याला काय देता त्याची लिहा. लाराव्हेलचा लेंग्थ अवेअर पेजिनेटर (एकूण वस्तू किती ते सांगून बनवायचा) हातानं बनवला तर तो यादी कापून देत नाही, कापून तुम्ही द्यायची असते, त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहिलेलंच आहे. ते वाचायचं राहिलं की प्रत्येक पानावर सगळाच माल येतो आणि खाली मात्र १, २, ३, ४ अशी बटणं झकास दिसतात. आणि कलेक्शनचं (लाराव्हेलच्या यादीचं) फॉर पेज वापरत असाल तर ते कीज तशाच ठेवतं, वर राजारामपुरीच्या मित्राला सांगितलेला दुसऱ्या पानाचा जेसनचा घोळ तुमच्याकडंही होणार, पुढं व्हॅल्यूज लावा, ते नंबर परत ०पासून लावतं. तेव्हा दोन टेस्ट पुरे, दुसऱ्या पानावर बरोबर ठरलेल्याच वस्तू आल्या का आणि दुसऱ्या पानाचं जेसन यादीच आहे का. दोन्ही गटांना हे चालायला हरकत नसावी.

प्रश्न : मी घरून छोट्या साईट करून देते, बहुतेक उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या, सुट्या भागांची यादी आणि चौकशीचा फॉर्म. टेस्ट लिहायला वेळ जातो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. गिऱ्हाईकाला काय सांगू?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, गिऱ्हाईकाला टेस्ट हा शब्द सांगूच नका. कारखानदाराला गेज माहीत असतो. गो गेज आणि नो गो गेज, एक बाजू भोकात गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये, पार्ट बाहेर पडायच्या आधी तेवढं बघतातच आणि त्याचे पैसे वेगळे लावत नाहीत, ते पार्टच्या किमतीतच धरलेले असतात. तुम्हीही कोटेशनमध्ये तसंच धरा, वेगळी ओळ दाखवली की ती सगळ्यात आधी कापली जाते.

आणि सगळ्याच्या टेस्ट लिहायची गरज नाही. चौकशीचा फॉर्म हातानं भरून बघा, चालेल. यादीची पानं मात्र हातानं बघून होत नाहीत, कारण आज ४० भाग आहेत आणि उद्या किती होतील ते तुमच्या हातात नाही, आणि एक भाग दिसला नाही तर फोन येत नाही, ऑर्डर येत नाही एवढंच. वर सांगितलेलं फंक्शन आणि त्याच्या टेस्ट एकदाच मन लावून लिहा, पहिल्यांदा एक दुपार जाईल. पुढच्या प्रत्येक साईटला तीच फाईल उचलायची आणि पानावर किती वस्तू तेवढं बदलायचं. बदललं की टेस्ट परत चालवा, १०चे १२ केले की सांधे पण सरकतात, मग ११, १२, १३ आणि २४, २५ या ओळी नवीन लिहाव्या लागतील.